सिंक आणि क्वांटाइझ: एक गाणी जुळवतं, दुसरं तुमचं बोट

ऐरोली, घणसोली, कळवा, दिवा या पट्ट्यात हळदीला डीजे वाजवणारी बरीच नवीन पोरं डीजे सॉफ्टवेअरमधली सिंक आणि क्वांटाइझ ही दोन्ही बटणं एकाच कामाची समजतात. दोन्ही चालू ठेवून बिनधास्त असतात, आणि मग मिक्स लंगडायला लागलं की नक्की कुठलं बंद करायचं तेच कळत नाही.

सिंक दोन गाण्यांमधलं काम करतं. समजा मास्टर डेकवर (ज्याच्या वेगाला दुसऱ्याने जुळायचं तो डेक) १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचं, गाणं चालू आहे आणि दुसऱ्यावर तुम्ही १२२चं लावलंय, तर सिंक दाबल्यावर ते साधारण ४.९ टक्के पळवून १२८वर आणलं जातं, आणि बीट सिंक असेल तर ठोक्यावर ठोकाही बसतो (नुसतं टेम्पो सिंक असेल तर वेग जुळतो, ठोका तुम्हालाच जॉग व्हीलने, म्हणजे डेकवरच्या गोल चकतीने, ढकलून बसवावा लागतो). वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं की लॉक मात्र चालू ठेवा, रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच मास्टर टेम्पो म्हणतात, नाहीतर ६ टक्क्यांना गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं आणि गायकाचा आवाज चिरका लागतो. आणि ठोका जुळला म्हणजे मात्रा जुळली असं नाही हां, पहिल्या मात्रेवर तिसरी बसली तरी सिंकचा दिवा छान पेटलेलाच असतो.

क्वांटाइझला दुसऱ्या डेकशी काही देणंघेणं नाही. ते तुम्ही दाबलेलं क्यू, हॉट क्यू (गाण्यात खूण करून ठेवलेल्या जागा, बटण दाबलं की गाणं तिथून सुरू), लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) त्याच गाण्याच्या बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या रेघांवर, ओढून बसवतं. हे हाताने करून बघा: १२० बीपीएमला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे चार ठोक्यांचा लूप २ सेकंदांचा. क्वांटाइझ बंद ठेवून लूपची सुरुवात आणि शेवट (इन-आउट) हाताने मारला आणि आउट दाबायला ०.०५ सेकंद उशीर झाला, तर लूप २.०५चा होतो, कानाला काही कळत नाही, पण दहा फेऱ्यांत तो अख्खा एक ठोका मागे पडतो. दोन्ही डेकवर १२०च दिसतंय आणि मिक्स मात्र फाटलेलं, मग सगळे सिंकला शिव्या घालतात, त्याचा बिचाऱ्याचा काय संबंध?

उलटंही होतं. गायकाची 'अगं' ही हाक ठोक्याच्या जरा आधी येते, तिथे क्वांटाइझ चालू ठेवून हॉट क्यू लावला तर तो सरकून ठोक्यावर जातो आणि हाकेचा 'अ' कापला जातो. असे क्यू लावताना क्वांटाइझ बंदच ठेवावं, स्क्रॅचिंग करतानाही. बाकी शेवटच्या अर्ध्या तासात, १०ला साउंड बंद करायचा असतो आणि पब्लिकला एकामागून एक गाणी हवी असतात, तेव्हा नवीन माणसाने ते चालूच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. सिंक वापरणं म्हणजे चीटिंग, हेही मला अजिबात पटत नाही.

पण दोघांचाही जीव त्या बीटग्रिडमध्ये आहे, ग्रिड चुकली तर दोघं अगदी इमानदारीत चुकतात. आपल्याकडे हे जास्त होतं कारण बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीत असतात, आणि सॉफ्टवेअर कधी कधी ९०चं गाणं १३५चं धरून बसतं. मग १३०च्या हाऊस ट्रॅकशी सिंक केलं की आकडे एकदम मस्त दिसतात आणि ऐकायला नुसता गोंधळ. म्हणून आधी हेडफोनवर मेट्रोनोम लावून ऐका, बीपीएम टॅप करून बघा, ग्रिडची पहिली रेघ खऱ्या ठोक्यावर आणून ठेवा.

बेंजो पार्टीचं जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर वाजवणारे रंगात आले की लय आपोआप वाढत जाते, तिथे एकसारख्या अंतराची ग्रिड पुढे टिकणारच नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये असलं गाणं डायनॅमिक मोडवर अ‍ॅनालाइझ करा, तरीही रेघा सरकत असतील तर त्या गाण्यापुरतं सिंक आणि क्वांटाइझ दोन्ही बंद करा, वेग टेम्पो फेडरने, म्हणजे डेकवरच्या वेगाच्या सरकत्या दांडीने, जवळ आणा, एक कान हेडफोनमध्ये ठेवा आणि ठोका मागे पडतोय वाटलं की जॉगच्या कडेला हलकासा पुढे धक्का द्या, मिक्स लांबवू नका, आठ-सोळा ठोक्यांत बाहेर पडा.