खरी कमाई आणि खाऊचे पैसे: मुंबईतल्या शाळकरी मदतनिधीची पार्श्वभूमी

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्यूआर कोड येतो, आई लोकलमध्ये उभ्याउभ्याच दोनशे रुपये पाठवते आणि आठवड्याने मुलाच्या हातात प्रमाणपत्र पडतं. कारण पुराचं असो, भूकंपाचं असो किंवा वृद्धाश्रमाचं, मुंबईतल्या बऱ्याच शाळांत मदतनिधी आता असाच जमतो. पैसे योग्य जागी पोहोचतात, त्यांची गरजही असते. पण ज्याच्या नावाने ते गेले, त्या मुलाने यात नेमकं केलं काय? पूर्वी या शहरात या प्रश्नाला ठोस उत्तर असायचं.

मुलांच्या अशा मदतकार्याची सुरुवात पैशाने झालेलीच नाही. 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुंबईत मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि स्वतःच्या मोकळ्या वेळात, बिनपगारी शिकवायला उभे राहिले. मुलींना शिकवणं म्हणजे घरादाराचा रोष ओढवून घेणं, असा तो काळ. जगन्नाथ शंकरशेटांसारखे धनिक पाठीशी उभे राहिले, जागा मिळाली, देणग्या आल्या. या क्रमाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. आधी विद्यार्थ्यांनी वेळ दिला, मग मोठ्यांनी पैसा दिला.

पैसा गोळा करण्याची शिस्त मात्र आपल्याकडे वर्गणीतून आली. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकत आणि शिकवत होते, त्या दिवसांत त्यांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ उभारला. मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा त्यात टाकायचा, अशी कल्पना. अंताजी दामोदर काळे यांचा ‘पैसा फंड’ याच जातीचा: माणशी एक पैसा, पण तो सगळ्यांकडून. त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. फूल ना फुलाची पाकळी म्हणत दिलेल्या पैशांतून कारखान्याची भट्टी पेटते, हे त्या पिढीतल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. 1921 च्या टिळक स्वराज्य फंडाने तर एक कोटीचं उद्दिष्ट ठेवलं आणि ते गाठलं. त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि पुढे गिरगाव, दादर, परळच्या चाळींत वर्गणी हा मुलांचा पहिला सार्वजनिक व्यवहार ठरला. समाजसेवा म्हणून कुणी तो मोजत नाही, पण मुलांचं शिक्षण तिथेच व्हायचं. दार वाजवायचं, ‘काका, गणपतीची वर्गणी’ म्हणायचं, नकार ऐकून घ्यायचा, पावती पुस्तकावर नाव आणि रक्कम अंकी-अक्षरी लिहायची. पावतीचा अर्धा भाग घरात, अर्धा पुस्तकात. उत्सव संपला की जमाखर्चाचा कागद जिन्यापाशी चिकटवलेला असे, आणि कुणीही येऊन ‘मांडवाला एवढे कसे लागले?’ असं विचारू शके. आज अशा तात्पुरत्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यामागचं तत्त्व मुलांनी जिन्यात उभं राहून शिकलेलं असायचं.

शाळांत पद्धतशीर निधी आला तो स्वातंत्र्यानंतर. 1949 पासून 7 डिसेंबरला सैनिकांसाठी निधी जमवणारा ध्वजदिन सुरू झाला. शर्टाच्या खिशावर टाचणीने लावायचा तो छोटा कागदी झेंडा पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. क्षयरोगाविरुद्धच्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या, तिकिटासारख्या सीलची मोहीम 1950 ची. डेन्मार्कमध्ये 1904 साली एका पोस्ट कर्मचाऱ्याला नाताळच्या पत्रांवर चिकटवायच्या सीलची कल्पना सुचली होती, ती फिरत फिरत आपल्या वर्गांत पोहोचली. 1962 च्या चीन युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधी आला, 1967 मध्ये कोयनेचा भूकंप, 1993 मध्ये किल्लारी. किल्लारीच्या वेळी मुंबईच्या शाळांत धान्य, कपडे, चादरी यांचे ढीग लागले होते.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’. ब्रिटनमध्ये 1949 मध्ये स्काउटांनी घरोघरी काम करून एक शिलिंग कमवायचा आठवडा सुरू केला. आपल्याकडे 1950 मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झालं आणि त्यांच्या कामात खरी कमाई रुजली. गळ्यात स्कार्फ घातलेला सातवीतला मुलगा शेजारी जातो आणि काम मागतो. स्कूटर पुसणं, बूट पॉलिश करणं, दळण आणणं, माळ्यावरची रद्दी उतरवून बांधणं. काम झालं की कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: कोणतं काम, किती पैसे, कुणाची सही. फुकटचे पैसे घ्यायचे नाहीत. ‘काम राहू दे बाळा, हे घे दहा रुपये’ म्हणणाऱ्या मावशींना ‘नको, काहीतरी काम सांगा’ असं म्हणायला लागणारं धैर्य पाठ्यपुस्तकातून येत नाही. पुढे अनेक मराठी शाळांत हेच आनंद मेळाव्याच्या रूपात आलं. मुलं भेळेचा, कोकम सरबताचा गाडा लावतात. कुरमुरे, फरसाण, लिंबू, कागदी प्लेट यांचा खर्च वहीत मांडतात आणि उरलेला नफा मदतीला देतात. पहिल्या वर्षी नफा जवळपास शून्य निघतो, कारण निम्मी भेळ मित्रांना वाटलेली असते. दुसऱ्या वर्षी तीच मुलं प्लेटचा भाव आधी ठरवतात.

सत्तरच्या दशकात वळण बदललं. 1974 मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांच्या प्रायोजित पदयात्रेतून वृद्धांसाठी निधी उभा राहिला, त्या कामातून 1978 मध्ये हेल्पएज इंडिया ही संस्था आली. 1979 मध्ये मुंबईत रिपन कपूर या विमान कंपनीतल्या कर्मचाऱ्याने सहा मित्रांसोबत, पन्नास रुपयांच्या भांडवलावर मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. तिची शुभेच्छापत्रं घराघरांत गेली. या संस्थांचं काम खरं आणि मोठं आहे. पण देणगीदारांची नावं आणि रक्कम लिहायचा छापील फॉर्म शाळेत रुळला, तशी काही ठिकाणी जास्त रक्कम आणणाऱ्याला बक्षीस देण्याची रीतही आली. मग कफ परेडच्या इमारतीत राहणारं मूल पहिलं येणार आणि वरळी कोळीवाड्यातलं मागे पडणार, हे ठरलेलंच. पाच-पाच रुपयांसाठी वीस दारं फिरलेल्या मुलीचं नाव प्रार्थनेच्या वेळी घेतलं जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

शासनाच्या बाजूने कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव आणि समाजसेवा शाळेत आणायची शिफारस केली. 1969 मध्ये महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आली. शाळांत मात्र कार्यानुभवाचा तास बहुतेकदा गणिताच्या उजळणीला गेला. 2004 पासूनची, संस्थांसाठी निधीही जमवणारी मुंबई मॅरेथॉन, 2009 मध्ये सुरू झालेला ऑक्टोबरचा दान सप्ताह, आणि अनेकांकडून ऑनलाइन थोडे थोडे पैसे जमवणारी क्राउडफंडिंगची संकेतस्थळं यांनी नव्या पिढीला मोठे आकडे दाखवले. पंधरा वर्षांची मुलं आज एखाद्या शस्त्रक्रियेसाठी काही लाख उभे करतात, आणि रुग्णाच्या घरी जाऊन आलेली असली तर ते काम त्यांच्यात मुरतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, ते स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस मुंबईच्या शाळांनी वेगळे काढावेत. एक दिवस मुलांनी काम करून कमवावं. दुसऱ्या दिवशी ज्यांना ती रक्कम द्यायची, त्यांच्याकडे स्वतः जावं, पावती घ्यावी आणि जमाखर्च फलकावर लावावा, पालकांच्या आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांना मुलांनीच उत्तरं द्यावीत.