पोटॅशियम नॉर्मल आहे, म्हणून हार्मोनचा दोष नाही?

रक्तातील पोटॅशियम नॉर्मल असेल तर वाढलेल्या रक्तदाबामागे हार्मोनचा दोष नाही, हा समज आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातही ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतील डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारे व पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकणारे हार्मोन) जास्त स्रवल्याने होणारा आजार वर्णिला, तेव्हा त्यांच्या रुग्णाचे पोटॅशियम फार घटलेले होते आणि तीच खूण पाठ्यपुस्तकांत ठसली. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत ते नॉर्मलच आढळते.

तीन गोळ्या चालू असूनही १६०/१०० राहणारा रक्तदाब आणि शेजारी पोटॅशियम ४.२, म्हणजे नॉर्मल, असा कागद फाईलमध्ये असेल, तर अल्डोस्टेरॉन व रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारा मूत्रपिंडातील स्राव) यांच्या गुणोत्तराची तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारावी. त्यासाठी सकाळी उठून दोनेक तास हिंडल्याफिरल्यावर, थोडा वेळ बसवून रक्त घेतात. अल्डोस्टेरॉनचे काम रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांमुळे निकाल फसवा येऊ शकतो. तरीही कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दोष एकाच ग्रंथीत निघाला, तर शस्त्रक्रियेने पुष्कळांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. दोन्हींत असल्यास तीच स्पायरोनोलॅक्टोन उपचार ठरते.