बावीस दात्यांची फ्रीव्हील

आमचं घर साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, गिरणी खाली. रिकाम्या सायकलवर बोळातला शेवटचा चढ मी पॅडलवर उभा राहून कसाबसा काढायचो. पण दहा किलो दळणाचा डबा कॅरिअरला बांधला, की ठरलेल्या विजेच्या खांबापाशी पॅडल थांबायचं आणि उतरावं लागायचं. दम कमी पडतोय असंच मला वाटत होतं. मग एका रविवारी मी दाते मोजले.

पुढच्या चक्राला 44, मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीला, म्हणजे फ्रीव्हीलला, 18. चव्वेचाळीसला अठराने भागलं की 2.44 येतात. म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. आपल्या साध्या काळ्या सायकलचं चाक 28 इंची, त्याचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर. त्यामुळे एका फेऱ्यात सायकल साधारण 5.46 मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात पाय मात्र एकच मीटर फिरलेला असतो, कारण क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, साडेसहा इंचांची असते.

सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. सायकल पायाच्या सव्वापाच पट अंतर कापते, म्हणून रस्ता जेवढा मागे ओढतो त्याच्या सव्वापाच पट जोर पायाला द्यावा लागतो. अंतर वाढवून घेतलं की जोरही वाढतो. यातून कुठल्याच दात्यांनी सुटका होत नाही.

आता चढ. गवंड्याकडून पाणसळ आणि एक मीटरची फळी आणली. फळी बोळात ठेवून तिचं खालचं टोक पाणसळ सरळ होईपर्यंत उचललं आणि खाली राहिलेली फट पट्टीने मोजली: 8 सेंटिमीटर. म्हणजे चढ आठ टक्के. माझं वजन 65 किलो, सायकल वीसेक किलोची. पंच्याऐंशीचे आठ टक्के 6.8 किलो, टायर रस्त्यावर घासतात त्याचा पाऊण किलो धरला, तर मागे ओढणारा जोर साडेसात किलोचा. त्याला सव्वापाचने गुणलं की पायावर सरासरी चाळीसेक किलो येतात.

मी सगळा भार पॅडलवर टाकला तर 65 किलो मिळायला हवेत, असं वाटतं. तसं होत नाही. वजन सरळ खाली दाबतं, आणि ते पुरतं कामाला येतं फक्त क्रँक आडवी असताना. पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना त्याच वजनाचा उपयोग शून्य. पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली तर वजनाचा 64 टक्के भागच हाती लागतो: माझ्या बाबतीत 41 किलो. लागतात 40, आहेत 41. डबा बांधला की लागतात 44. हँडल वर ओढून थोडा जास्त जोर काढता येतो, पण किती वेळ? खांबापर्यंत.

सांगलीत माझी मावसबहीण हेच 44-18 गेली कित्येक वर्षं आनंदात चालवते, आणि तिथे ते बरोबरच आहे. विश्रामबागेतून मिरजेकडे निघा, कृष्णाकाठची ती जमीन सपाट. तिथे भांडण वाऱ्याशी असतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरून वारा असला की वेग थोडा कमी केला तरी पायाला लगेच बरं वाटतं. चढाचं तसं नाही. कितीही सावकाश गेलात तरी ते साडेसात किलो तेवढेच राहतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एकाच गिअरची सायकल रोजच्या रस्त्यातल्या सगळ्यात वाईट चढासाठी आणि रोजच्या ओझ्यासकट ठरवावी. सपाटीचा विचार नंतर.

मी 22 दात्यांची फ्रीव्हील मागितली. सायकलवाले काका म्हणाले, "दादा, सपाटीला पाय नुसते फिरत बसतील." त्यांची शंका रास्त होती, म्हणून तोही हिशेब केला. 44-22 म्हणजे बरोबर दुप्पट. एका फेऱ्यात 4.47 मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले तर पूर्वी ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वर जायचो, आता सोळा. पण पॅडल हलकं झालं की पाय आपसूक भरभर फिरतात. सत्तर फेऱ्यांना वेग पावणेएकोणीस होतो. चार किलोमीटरच्या वाटेवर फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. आणि डब्यासकट बोळाला आता 44 ऐवजी 36 किलो पुरतात. उतारावर पाय फिरवायचेच नसतात, तिथे फ्रीव्हील आपली टकटकत राहते.

जुन्या काळी हे दात्यांचं गणित नव्हतंच. उंच चाकाच्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाला असायचं, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं, आणि चाक किती मोठं हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये रोलर चेन आणली आणि 1885 च्या रोव्हर सायकलीत मागच्या चाकाला चेन जोडलेली होती. माझ्या जुन्या 44-18 च्या तोडीचं थेट चाक 68 इंचांचं झालं असतं, म्हणजे माझ्या उंचीपेक्षा मोठं.

फ्रीव्हील बदलताना चेनकडे लक्ष द्या. चार दाते वाढले की एक इंच चेन जास्त लागते: एक जोडकडी घालायची, नाहीतर मागचं चाक अर्धा इंच पुढे घ्यायचं. मी चाक पुढे घेतलं. पण त्याने मागचे ब्रेकचे रबर रिमवर नीट बसेनात, आणि ते मला कळलं पहिल्यांदा बोळ उतरताना. तुम्ही चाक सरकवलंत तर रबर तिथल्या तिथे, दुकानासमोरच जुळवून घ्या.