कॉलऱ्याचं विष आणि संशोधकाचा एच-इंडेक्स

१९५९ सालच्या मे महिन्यात 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दोन पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक एकच, कोलकात्याचे पॅथॉलॉजिस्ट शंभूनाथ डे. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले तर तो पाण्यानं टम्म फुगतो, हे त्यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. आता त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला आणि जंतू नसलेलं ते गाळीव पाणीच आतड्यात भरलं. आतडं तरीही फुगलं. म्हणजे रोग्याच्या अंगातलं पाणी काढून घेणारं विष जंतू बाहेर सोडत होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये अशा विषाची शंका घेतली होती. पण पुढे अनेकांनी ते रक्तात आणि पोटाच्या पोकळीत टोचून शोधलं. आतड्यात शोधायला फारसं कोणी गेलं नाही, म्हणून ते सापडलंही नाही. त्याच १९५९ मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून याच निष्कर्षाकडे आले होते.

एवढं मोठं काम होऊनही पहिली काही वर्षं त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९५९-६० मध्ये एखाद्या निवड समितीनं 'तुमच्या निबंधाला किती संदर्भ मिळाले?', म्हणजे इतर किती निबंधांनी तो उद्धृत केला, असं विचारलं असतं, तर डे यांना सांगण्यासारखं फार काही नव्हतं. साठच्या दशकात कॉलऱ्याची साथ पुन्हा जगभर पसरू लागली, विष शुद्ध करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि मग हा निबंध पायाभूत ठरला. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला डे यांना बोलावलं गेलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच आपण मेलो होतो, तुम्ही मला उकरून काढलंत, अशा अर्थाचं ते तिथे बोलले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलंही होतं. ते मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये डे गेले.

पुढच्याच वर्षी डे यांच्या कामाचा संदर्भांच्या आधारे मागोवा घेणारा लेख लिहिला तो युजीन गारफिल्ड यांनी. संदर्भमोजणीचा धंदा उभा करणारा हाच माणूस. कुठला निबंध पुढे कोणी कोणी उद्धृत केला याची सूची त्यांनी १९६४ पासून छापायला सुरुवात केली. मूळ हेतू ग्रंथालयाचा होता : एखाद्या विषयाचा धागा पकडून पुढचं संशोधन शोधता यावं. माणसांना गुण देण्याचं काम त्या सूचीच्या गळ्यात नंतर पडलं.

आज वैद्यकीय महाविद्यालयात मुलाखतीला गेलेल्या डॉक्टरच्या बायोडेटावर हमखास दिसतो तो एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकेच संदर्भ मिळालेले असतात, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा एका डॉक्टरच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ९, ५, ४ आणि १ संदर्भ मिळाले. किमान चार संदर्भ मिळालेले चार निबंध तर आहेत, पण किमान पाच संदर्भ मिळालेले पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्या निबंधाचे ४० संदर्भ ४,००० झाले, तरी आकडा ४ च राहतो. आयुष्यात एकच शोध लावणाऱ्या माणसाला या गणितात जागा नाही. हा निर्देशांक साफ फसूही शकतो आणि त्याचे दुष्परिणामही गंभीर आहेत, असं खुद्द हिर्श यांनीच पुढे लिहिलं.

शिवाय संदर्भ मोजणाऱ्या संगणकाला कौतुक आणि फटका यांतला फरक कळत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं १९९८ मध्ये छापला. त्यातून एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची) लस आणि ऑटिझम यांचा संबंध असल्याची भीती जगभर पसरली. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यावर टीका करणाऱ्या प्रत्येक निबंधानं त्याच्या संदर्भांत भरच घातली. दुसरीकडे, विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध कुठल्याही रोगाचं कोडं सोडवत नाही. ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ च्या त्या निबंधात द्रावणातली प्रथिनं मोजायची पद्धत आहे. प्रयोगशाळेत ती वापरली की संदर्भ द्यायचाच, त्यामुळे आकडा तीन लाखांवर गेला.

बायोडेटात मिरवला जाणारा दुसरा आकडा, इम्पॅक्ट फॅक्टर, तर माणसाचा नसतोच, तो जर्नलचा. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या, एवढंच ते गणित. अमेरिकेतल्या कर्करोगावरच्या 'सीए' या जर्नलचा २०२० चा आकडा ५०८ च्या वर होता, आणि त्यात मोठा वाटा दरवर्षी छापल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या आकडेवारीचा. तिथे छापलेल्या प्रत्येक लेखाला ५०८ जण उद्धृत करतात असं कोणी समजू नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ मधल्या बैठकीतून निघालेल्या 'डोरा' जाहीरनाम्यानं हेच बजावलं : जर्नलच्या आकड्यावरून माणसाची नेमणूक किंवा बढती ठरवू नका.

वैद्यकशास्त्राच्या शाखांमध्येही जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रोगप्रतिकारशास्त्रात संशोधक भरपूर, म्हणून संदर्भही भरपूर. हाडांच्या शस्त्रक्रियेवर लिहिणाऱ्याची तुलना त्याच्याशी केली तर तो बिचारा कायमच मागे. मार्गदर्शक सूचना आणि आढावा-लेख यांना मूळ प्रयोगापेक्षा जास्त संदर्भ मिळतात. पन्नास लेखकांच्या निबंधात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं असतं. पण अधल्या-मधल्या सगळ्यांच्या खात्यातही तेवढेच संदर्भ जमा होतात.

कुठे मोजता यावरही बरंच अवलंबून. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, सगळंच धरतो, म्हणून त्याचा आकडा साधारणपणे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या संदर्भसूचींपेक्षा मोठा येतो. बायोडेटात कुठला लिहिला जातो, ते सांगायला नकोच! त्यात आपल्याकडे नावांचा घोळ. अनेक जर्नल्स आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच छापतात. मग 'पाटील एस' म्हणजे संजय, सुनीता की शैला? लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे निबंध दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर पडतात आणि एच-इंडेक्स दोन्हीकडे अर्धवट राहतो. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक मोफत मिळतो. तो घेतलेला नसेल, तर यादीतले निबंध खरोखर समोर बसलेल्या उमेदवाराचेच आहेत का, हे समितीला एकेक करून पाहावं लागतं.