विंध्य खडकांचे वय: जीवाश्म एक सांगतात, झिरकॉन दुसरेच

सोन नदीच्या खोऱ्यापासून चंबळपर्यंत पसरलेल्या विंध्य खडकसमूहात खाली सेमरी गट आणि त्यावर कैमूर, रेवा व भांडेर हे गट आहेत. हे थर फारसे वाकलेले किंवा भाजलेले नाहीत, म्हणून त्यांत जीवाश्म चांगले टिकतात. वय सांगू शकणारे खनिज मात्र क्वचितच हाती लागते. हे थर किती जुने, या वादाचे मूळ इथेच आहे.

सुरुवातीची भिस्त ग्लॉकोनाइटवर होती. हे हिरवे खनिज समुद्रतळावर गाळासोबतच तयार होते आणि त्यात पोटॅशियम भरपूर असते. पोटॅशियम-४०चा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे, त्यामुळे हिशेब सोपा वाटे. पण त्यापासून बनणारा आर्गॉन वायू आहे. थर गाडला जाऊन थोडा जरी तापला, तरी तो निसटतो आणि वय कमी निघते. सेमरीच्या नमुन्यांनी नेमके हेच केले.

जीवाश्मांनी गोंधळात भर घातली. मध्य भारतातल्या सुकेत शेलमधील काळ्या चकत्यांना १९३५मध्ये ‘फर्मोरिया’ हे नाव देऊन शंखधारी प्राण्यांत बसवले गेले होते. आज त्या चुआरिया मानल्या जातात: साधे, सेंद्रिय भित्तिका असलेले गोल जीव. १९९८मध्ये तर दोन दावे एकदमच आले. चोरहाट वालुकाश्मात सायलाखर, बोस आणि फ्लुगर यांनी प्राण्यांची बिळे ओळखली व ती १०० कोटी वर्षांहून जुनी असल्याचे सांगितले. त्याच्याही वरच्या रोहतासगढ चुनखडकात आझमींना कॅम्ब्रियन काळातले लहान कवचधारी जीवाश्म दिसले. म्हणजे जेमतेम ५४ कोटी वर्षांचे. दोन्ही दावे एकदम खरे मानायचे, तर मधले थर साठायला अर्धा अब्ज वर्षे हवीत.

निकाल राखेने दिला. सेमरी गटात ज्वालामुखीच्या राखेचे सिलिकामय थर आहेत. असा खडक दळून चाळतात, जड द्रवात बुडवून हलके क्वार्ट्झ वेगळे करतात, चुंबकाने लोहयुक्त खनिजे काढतात आणि उरलेल्यातून सूक्ष्मदर्शकाखाली झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण एकेक वेचतात. झिरकॉन बनताना युरेनियम सामावून घेतो, शिसे जवळपास घेतच नाही. म्हणून आत सापडलेले शिसे युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातूनच आलेले, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून वय काढता येते. कण धारदार कडांचे हवेत. गोलसर कण नदीने वाहून आणलेला, म्हणजे थरापेक्षा जुना असू शकतो. कणात जुना गाभा दडलेला असला तरी आकडा फुगतो, म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्सने (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कण चमकवून) आतली रचना पाहून मगच मोजणीसाठी आयनांचा झोत कुठे मारायचा ते ठरवतात.

२००२मध्ये दोन स्वतंत्र गटांचे आकडे प्रसिद्ध झाले. रे आणि सहकाऱ्यांना राखेचे वय १६३.१ कोटी वर्षे मिळाले. रासमुसेन गटाला चोरहाटच्या बिळांच्या खाली-वर १६२.८ आणि १५९.९ कोटी, दोन्ही ±०.८ कोटी. बिळे खरीच प्राण्यांची असतील, तर प्राणिसृष्टीची सुरुवात फारच मागे ढकलावी लागते. त्यामुळे ती प्राण्यांची नसावीत, असे बहुतेकांना वाटते, आणि ते रास्त आहे.

आझमींचे नमुने मात्र खोटे नव्हते. बेंग्ट्सन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूट परिसरात पुन्हा गोळा केलेल्या फॉस्फोराइटचे (फॉस्फेटयुक्त खडकाचे) शिसे-शिसे वय, म्हणजे शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून काढलेले वय, २००९मध्ये १६५ ± ८.९ कोटी वर्षे निघाले. जीवाश्म अस्सल, पण कॅम्ब्रियन नव्हेत. २०१७मध्ये त्यांतल्या काहींना लाल शैवालांसारखे मानून राफाताझ्मिया व रामाथॅलस ही नावे दिली गेली.

वरच्या विंध्यात, म्हणजे कैमूर, रेवा व भांडेर गटांत, अजून अशी राख सापडलेली नाही. पन्नाजवळच्या मझगवाँचा हिरेधारी पाइप (खालून वर घुसलेल्या ज्वालामुखी खडकाची नळी) कैमूर वालुकाश्म भेदून गेला आहे आणि त्याचे वय सुमारे १०७ कोटी, म्हणून कैमूर त्याहून जुना. रेवा-भांडेरला तो कापत नाही. भांडेरच्या वालुकाश्मातले वाहून आलेले झिरकॉन सुमारे १०० कोटींहून जुने आहेत. यावरून थर त्यांच्यानंतर साठला एवढेच कळते, किती नंतर ते नाही. लाखेरी चुनखडकाचे शिसे-शिसे वय १०७.३ कोटी आले, पण त्यात ±२१ कोटींची अनिश्चितता आहे.

याच फटीत २०२१मध्ये भांडेरच्याच वालुकाश्मातल्या भीमबेटकाच्या गुहेच्या भिंतीवरची पानासारखी खूण शिरली. ती ‘डिकिन्सोनिया’ या प्राचीन प्राण्याची म्हणून जाहीर झाली; मानली असती तर भांडेरचे वय सुमारे ५५ कोटी वर्षांपर्यंत खाली आले असते. २०२३मध्ये दुसऱ्या गटाने जागेवर जाऊन पाहिले, तेव्हा ती खूण म्हणजे सुकून गळणारे मधाच्या पोळ्याचे अवशेष निघाले.