मांसाहारविवेक

मांसाहारविवेक : अन्नासाठी प्राणी मारणे नीतीला धरून आहे काय, आणि तो चांगला पाळून, कमीत कमी वेदना देऊन मारला तर उत्तर बदलते काय, यासंबंधीचा विचार. यांतला पहिला प्रश्न वधाचा आहे व दुसरा पालनाचा. लोकव्यवहारात दोन्ही एकत्र बोलले जातात; ग्रंथांत मात्र त्यांचा माग वेगवेगळा लागतो. संस्कृत, प्राकृत व पाली वाङ्मयाने वधाचा खल फार बारकाईने केला आहे. खाण्याचा प्राणी जिवंतपणी कसा ठेवावा याची चर्चा त्या मानाने अलीकडची असून ती मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत वाढली. सातारा व सांगली या जिल्ह्यांत माळकरी, दिगंबर जैन शेतकरी आणि मेंढपाळ धनगर शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न तेथे रोजच्या व्यवहारात भेटतात.

मनुस्मृतीच्या (सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक) पाचव्या अध्यायात विहित मांसाची अनुज्ञा आणि मांसत्यागाची स्तुती लागोपाठ येतात. ‘न मांसभक्षणे दोषो’ हा श्लोक (५·५६) मांसाहाराच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केला जातो. पण त्याच श्लोकाचा शेवट ‘निवृत्तिस्तु महाफला’ असा आहे. येथील ‘दोष नाही’ हे विधान केवळ यज्ञश्राद्धादी विहित मांसापुरतेच आहे, असा टीकाकारांचा एक पक्ष आहे. वेगवेगळ्या काळांतील मते या अध्यायात एकत्र गोवली गेली, असे दुसरे मत असून श्लोकांचा क्रम पाहता ते अधिक संभवनीय वाटते. त्याआधीचा श्लोक ५·५१ प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे. अनुमती देणारा (अनुमंता), तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या आठही जणांना तो घातक ठरवतो. महाभारताचे अनुशासनपर्व हेच तीन प्रकारांत सांगते : विकत घेणारा धनाने मारतो, खाणारा उपभोगाने आणि खाटीक प्रत्यक्ष वधबंधनाने. दुकानातून मटण आणणाऱ्याला ‘मी मारले नाही’ असे म्हणण्याची सोय या वचनांनी ठेवलेली नाही.

बौद्धांची भूमिका निराळी आहे. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील जीवकसुत्तानुसार जे मांस आपल्यासाठी मारल्याचे भिक्खूने पाहिले नाही, ऐकले नाही व ज्याविषयी तशी शंकाही नाही, ते त्याला चालते. या तिहेरी कसोटीला त्रिकोटिपरिशुद्धी म्हणतात. मांस-मासे पूर्ण वर्ज्य करावेत ही संघातील देवदत्त या भिक्खूची मागणी बुद्धांनी मानली नाही, असे विनयपिटक हा भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ सांगतो. नियम भिक्षेवर जगणाऱ्यांसाठी होता, बाजारात निवड करणाऱ्यांसाठी नव्हे, हे त्याचा आधार घेताना बहुधा विसरले जाते.

यज्ञीय हिंसेचा वाद पुष्कळ अंशी एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील नारायणीय भागात ‘अजाने यजन करावे’ या वचनावरून ऋषी आणि देव यांच्यात मतभेद होतो. ऋषींच्या मते अज म्हणजे बीज, बोकड मारू नये; देव म्हणतात, अज म्हणजे बोकडच. निवाड्यासाठी आलेला राजा उपरिचर वसू आधी कोणाचा पक्ष कोणता ते विचारून घेतो, मग देवांच्या बाजूने कौल देतो आणि ऋषींच्या शापाने भूविवरात पडतो. जैन पुराणांत हीच कथा नारद, पर्वत व वसू या सहाध्यायांची होते. तेथे अज म्हणजे पुन्हा न उगवणारे जुने धान्य, असा अर्थ नारद लावतो. वसू गुरुपत्नीच्या भिडेखातर पर्वताच्या बाजूने खोटा निवाडा देतो व सिंहासनासह अधोगतीला जातो. मूळ कथा कोणत्या परंपरेची, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. ‘न जन्मणारे’ ही व्युत्पत्ती व्याकरणाने निघत असली, तरी वैदिक प्रयोगात अज हा शब्द बोकडासाठी इतका रुळलेला आहे की, बीज हा अर्थ अहिंसापक्षाने नंतर लावला असावा.

याच वादातून पिष्टपशूची तोड निघाली. यज्ञात पिठाचा पशू करून अर्पावा, असे माध्व (मध्वाचार्यांची वैष्णव) परंपरा मानते. स्मार्त मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, त्याला विरोध केला. जैनांनी ही तोड उलट्या बाजूने नाकारली. सोमदेव या जैन लेखकाच्या यशस्तिलकात (शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९) यशोधर राजा आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी देतो आणि त्या पापाने मायलेकांना अनेक पशुजन्म घ्यावे लागतात. रक्ताचा थेंबही सांडलेला नसताना दोष लागतो, कारण मारण्याचा संकल्प झाला. जैन गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी (हेतुपूर्वक), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी) व विरोधी (स्वसंरक्षणात होणारी) हे चार प्रकार याच विचाराने पाडले आहेत. नांगराखाली किडे मरतात ती उद्योगी हिंसा, आणि ती शेतकऱ्याला टाळता येत नाही; खाण्यासाठी मारणे संकल्पी असून ते सर्वथा त्याज्य. कृष्णा-वारणेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या जैनांना हा भेद पुस्तकी वाटत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध मात्र नेमके तेथेच बोट ठेवतो. स्वतः न मारता व न खाता मांस विकणारा हा व्याध कौशिक ब्राह्मणाला सुनावतो की, लोक शेतीला चांगली म्हणतात, पण तिच्यातही मोठी हिंसा आहे. अमेरिकन पशुशास्त्रज्ञ स्टीव्हन डेव्हिस यांनी २००३ मध्ये असाच मुद्दा मांडला : नांगरणी-कापणीत मरणारे प्राणी मोजले, तर चराऊ कुरणावरील मोठ्या गुरांचे मांस कदाचित कमी जीव घेईल. हा हिशेब एकरामागे केला आहे, माणसामागे नाही. तेवढ्याच जमिनीवर धान्याने अधिक तोंडे भागतात, हा त्यावर त्याच वर्षी घेतला गेलेला आक्षेप सबळ आहे.

पालनाच्या प्रश्नाची सुरुवात पुष्कळदा इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमपासून (१७८९) धरतात. प्राण्याला वेदना होतात काय, हाच खरा प्रश्न, असे तो म्हणाला. परंतु वेदना न देता मारून खाणे त्याला मान्य होते, हा भाग कमी उद्‌धृत होतो. पुढे इंग्रज लेखक लेस्ली स्टीफन याने मांसाला मागणी असण्यात डुकराचेच हित आहे, नाहीतर ते जन्मालाच येणार नाही, असा युक्तिवाद केला. जो अजून नाही त्याच्यावर उपकार कसे होतील, असे शाकाहाराचा पुरस्कर्ता इंग्रज लेखक हेन्री सॉल्टने त्याला उत्तर दिले. विलायतेत गांधीजींना शाकाहार विचारपूर्वक पटवणारे लेखन सॉल्टचेच. इंग्लंडमध्ये कोंडवाड्यातील कुक्कुटपालनावर १९६४ पासून टीका झाली आणि १९७९ मध्ये पशुकल्याणाची पाच स्वातंत्र्ये मांडली गेली : भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भय यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक.

या मोजपट्टीला माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळी बरीच उतरते, जरी ती दयेपोटी जन्मलेली नाही. जत तालुक्यातील माडग्याळच्या फुगीर नाकाच्या मेंढ्या प्रसिद्ध आहेत. पावसाळा सरला की कळप बागायती भागाकडे निघतात. शेतकरी रानात बकरी बसवून घेतो (धनगरांच्या बोलीत बकरी म्हणजे मेंढरेच), रात्रभर जाळीच्या वाघरीत कळप राहतो आणि लेंडीखताबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढरू दिवसभर चरते, कळपात राहते, कोकरू आईला पिते. नर कोकरू मात्र काही महिन्यांचे झाले की व्यापाऱ्याकडे जाते. म्हणजे पालन चांगले, तरी आयुष्य तोकडेच. ‘सदय मांस’ (दयेने पाळून मारलेल्या प्राण्याचे मांस) असा शब्द येथे कोणी वापरत नाही. ‘गावरान’ हा शब्द दुकानाच्या फलकावर सर्रास दिसतो, पण तो चवीची ग्वाही देतो, कोंबडीच्या सुखाची नव्हे. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंची होणारी ब्रॉयलर कोंबडी वरच्या पाचांपैकी शेवटच्या कसोटीला उतरत नाही.

रूढीने वध आणि भक्षण यांत अंतर राखले आहे. गावजत्रेत एक दिवस पुरणपोळीचा गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी बोकडाचा खारा. सुरी चालवण्याचे काम मुलाण्याचे, वाटे घालायला मात्र घरोघरचे हजर. घरात एक जण माळकरी असला तर रश्श्याचे पातेले परसातल्या चुलीवर चढते, त्याची पळीही स्वयंपाकघरात येत नाही. गाडगेबाबांनी अशा बळींवर कीर्तनांतून कडाडून टीका केली. मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत आता पशुबळीला बंदी असते.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाने अन्नासाठी मारणे गुन्हा ठरवलेले नाही, अनावश्यक वेदना देणे ठरवले आहे. धर्मानुसार वधाच्या रीतीला कलम २८ ने सूट आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे एका जनावरासमोर दुसरे मारता येत नाही.

दुधाचा मुद्दा शाकाहारपक्षालाही अडचणीचा आहे. म्हैस व्याली आणि रेडकू नर निघाले, तर त्याला पान्ह्यापुरते सोडून दावणीला बांधतात. पुढे ते उपासमारीने जाते किंवा विकले जाते. दूध पिणारा त्याचा ‘अनुमंता’ ठरतो काय, हे मनूच्या आठ जणांच्या यादीवरून सरळ ठरवता येत नाही. संकल्पी व उद्योगी हा जैन भेद लावला तर ही हिंसा दुसऱ्या वर्गात पडते. निव्वळ वनस्पतिजन्य आहाराचा आग्रह धरणारे आधुनिक लेखक हा भेद मानत नाहीत.