कांद्याला ६० ग्रे, माणसाला ४

लासलगावला २००२ मध्ये विकिरण केंद्र सुरू झाले. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे मात्रा पुरते. ग्रे हे शरीरात किंवा वस्तूत किरणांची किती ऊर्जा शोषली गेली ते मोजायचे एकक. असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरून पाहावा. पाकळ्या ठणठणीत असतात, मधला कोंब मात्र तपकिरी पडून सुकलेला दिसतो. माणसाच्या अंगभर एकदम ४ ग्रेच्या आसपास मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मे लोक दगावतात.

दोन्हीकडे कारण एकच, विभाजन होणाऱ्या पेशी आधी मरतात. कांद्यात त्या कोंबात असतात. माणसाची अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर तर रोज नव्याने घडत असते. ४ ग्रेमुळे अंगाचे तापमान जेमतेम एक हजारांश अंशाने वाढते, म्हणून त्या क्षणी बहुधा काही जाणवतही नाही.

निम्मे लोक दगावतात त्या ४ ग्रेला 'मारक मात्रा' म्हणतात आणि घोळ आहे तो याच शब्दात. १९७५ मध्ये ग्रे हे एकक आले. त्याआधी रॅड चाले आणि १ ग्रे म्हणजे १०० रॅड, म्हणून जुन्या पुस्तकांत ४०० दिसते. हा फरक किरकोळ. खरी गोम मुदतीत आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ३० दिवसांत किती मेले ते मोजत. माणसे दुसऱ्या महिन्यातही जातात, म्हणून त्यांच्यासाठी ६० दिवस धरतात. शिवाय हा आकडा उपचाराविनाचा आहे. रक्त, प्रतिजैविके आणि जंतुमुक्त खोली मिळाली तर तो ५-६ ग्रेपर्यंत सरकतो. 'मारक' म्हटले की ४ ला मरण आणि ३ ला जीवदान असे वाटते. मला हा शब्दच घातक वाटतो. १० ग्रेच्या पुढे मात्र आतड्याचे अस्तरच गळते, तिथे उपचार बहुतेक हरतात.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये १३४ जणांना मोठ्या मात्रेमुळे होणारा हा तीव्र किरणोत्सार आजार झाला. त्यातले २८ काही महिन्यांतच गेले. आपल्याला अधिक जवळचे अपघात विकिरण केंद्रांतलेच आहेत: १९८९ एल साल्वादोर, १९९० इस्रायल, १९९१ बेलारूस. इस्रायलमध्ये खोकी अडकल्याने कोबाल्टची चौकट वरच राहिली, एरवी कुणी आत जाण्याआधी ती खाली उतरलेली असते. एक यंत्रणा 'स्रोत खाली आहे' सांगत होती, दुसरी धोक्याचा इशारा देत होती. कामगाराने पहिलीवर विश्वास ठेवला आणि तो मिनिट-दोन मिनिटांसाठी आत गेला. छत्तिसाव्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

२०१० मध्ये दिल्लीच्या भंगारबाजारात लिलावात आलेले प्रयोगशाळेचे जुने उपकरण फोडले गेले. त्यातही कोबाल्ट-६० होते. एकाचा जीव गेला, सात जण आजारी पडले.

या आजाराची फसवी बाजू मधल्या दिवसांत असते. सुरुवातीच्या उलट्या थांबतात, माणूस जेवू लागतो, घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटते. रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र पहिल्या दोन दिवसांतच घसरलेल्या असतात. म्हणून संशय येताच दर काही तासांनी रक्त तपासतात.